आरएक्सचं हेड घरी ओतलं : तीन वाया गेली, चौथं गाडीवर आहे

किकमारू

मंडळी, दीड वर्ष इथं नुसता वाचत होतो. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझी यामाहा आरएक्स १०० ही १९९४ ची. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५० मिमी, म्हणजे ९८ सीसी. कंपनी ७५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर सांगायची. गाडी घेतली तेव्हा हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, दोन फिन (थंडाव्याच्या पात्या) तुटलेल्या, प्लगचे आटे गेल्यामुळे आत बुश ठोकलेला, आणि फेस (सिलिंडरवर टेकणारी सपाटी) कुणीतरी काचेवर एमरी पेपर ठेवून घासलेला. दुसरं हेड घेऊन मोकळा झालो असतो तर हा धागा निघालाच नसता. पण मी कोल्हापूरचा. घरापासून दोन किलोमीटरवर फाउंड्रीत सकाळ-संध्याकाळ धातूचा रस ओतला जातो. मनात आलं, आपणच ओतू की.

टू-स्ट्रोकचं हेड म्हणजे कामाच्या मानाने एक झाकणच. व्हॉल्व नाही, पोर्ट नाही, ऑइलची वाट नाही. मधे वाटी, वाटीभोवती पट्टी, वर प्लग, बाहेर फिन. त्या पट्टीला स्क्विश म्हणतात. पिस्टन वर आला की कडेचं मिश्रण या पट्टीतून पिळून निघतं आणि मधल्या वाटीत जोरात घुसतं. ढवळलं जातं, लवकर जळतं, आणि कडेला उशिरा पेटून ठोके मारायला फारसं काही उरत नाही.

माझा हिशेब असा. पट्टीचं क्षेत्र बोअरच्या निम्मं धरलं. म्हणजे वाटीचा व्यास ३५.४ मिमी आणि पट्टीची रुंदी ७.३ मिमी. पिस्टन आणि पट्टी यांच्यात फट ०.९ मिमी. जुन्या हेडवर हीच फट मोजली तेव्हा १.६ आली होती. कॉम्प्रेशन पूर्ण स्ट्रोकवर १२.५, म्हणजे पिस्टन वर असताना एकूण जागा ८.५ सीसी. पट्टीचा कोन पिस्टनच्या डोक्याच्या उताराला समांतर. दोन रात्री कागदावर गेल्या आणि मला वाटलं अवघड काम संपलं.

पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा लाकडी नमुना, एका तात्यांनी करून दिला, सागवानी. तात्यांकडे स्टीलची एक पट्टी आहे, बघितली तर साधी फूटपट्टी. माझी पट्टी शेजारी लावली तर तात्यांचा फूट माझ्या फुटापेक्षा चांगला दाणाभर लांब! ॲल्युमिनियम थिजून थंड होताना फुटाला ५/३२ इंच आकसतं, तेवढा फूट ताणूनच ती पट्टी आखलेली. गणित करायचंच नाही, सरळ मापं घ्यायची. ती पट्टी हातात धरून मी पाच मिनिटं नुसता उभा होतो. तात्या म्हणाले, "चहा घेणार का तसाच उभा राहणार?"

पहिलं हेड जुलैत ओतलं. साच्यातून निघालं तेव्हा इतकं देखणं की बायकोला उठवून दाखवलं. लेथवर वाटी कापायला घेतली तर आत अनारशाची जाळी. दुसऱ्याच्या फिन अर्ध्यातच थिजल्या. तिसरं ओतकामात पास झालं आणि नंतर मीच घालवलं, ते खाली सांगतो. चौथं गेले सहा आठवडे गाडीवर आहे. फोटो चढवतोय, तोवर विचारा.

नुसता_वाचक

पहिला! वाखूसा (वाचनखूण साठवली). फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय तांबडा रस्सा. लवकर टाका.

सावकाश_हाकणारा

भारी उद्योग आहे, पण आधी एक सांगा. घराच्या अंगणात ७०० डिग्रीचा रस? पोरंबाळं असतात हो.

किकमारू

अंगणात नाही, मामांच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये. गुऱ्हाळ बंद पडून काही वर्षं झाली, शेड तशीच आहे. खाली कोरड्या वाळूचा चार बोटं थर. फरशीवर किंवा काँक्रीटवर ओतायचं नाही. रस सांडला तर काँक्रीटमधलं पाणी वाफ होऊन टवके उडतात. ओली पळी मुशीत घातली तर रस छताला लागतो, हे ऐकीव नाही, शेडच्या पत्र्यावर अजून ठिपके आहेत. त्या दिवसापासून पळी, चिमटा, भंगाराचा प्रत्येक तुकडा आधी भट्टीच्या काठावर तापवतो. पायात चामड्याचे बूट, वर सुती पँट, आणि पँट बुटाच्या बाहेरून. आत खोचली तर सांडलेला रस थेट बुटात.

उद्यमनगरकर

चाळीस वर्षं फाउंड्रीत काढली, म्हणून चार शब्द. पहिल्याला जाळी का पडली ते धाग्यातच लिहिलंय : जुलै. ॲल्युमिनियमचा रस हवेतली वाफ फोडतो. ऑक्सिजनची साय वर धरतो आणि हायड्रोजन पोटात घालतो. पातळ असताना तो गॅस मावतो, थिजताना मावत नाही, साधारण विसावा हिस्साच आत राहू शकतो. बाकीचा बाहेर पडायला बघतो आणि अडकतो तिथं भोक करतो. पावसाळ्यात हवा ओली, वाळू ओली, भट्टी गॅसची असेल तर ज्वाळेतही पाणी. त्यात रस लाल होईपर्यंत तापवला असशील.

भंगार कसलं वापरलंस?

किकमारू

काका, बरोबर पकडलंत. पहिल्या खेपेला जे हाताला लागलं ते. जुने पिस्टन, खिडकीची पट्टी, एक कुकरचं झाकण. पायरोमीटर (रसाचं तापमान मोजायचं यंत्र) नव्हता, नजरेने ओतलं. नंतर मोजलं तर तेवढ्या रंगाला ८२० च्या वर काटा जात होता.

दुसऱ्या खेपेपासून फक्त गाडीचे अलॉय व्हील. त्यांचा माल बहुतेक एलएम-२५ च्या जवळचा असतो, सात टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम. वाहतोही छान, आणि नंतर उष्णतेने कडकही करता येतो. पण दुसऱ्या वेळी भीतीपोटी ६७० लाच ओतलं, म्हणून फिन अर्ध्या. आता ७२० ला ओततो.

उद्यमनगरकर

७२० ठीक. फिन पातळ असतील तर ७३५ पर्यंत चालेल. पण तापवून वाट बघत बसू नकोस. साचा आधी तयार, मग भट्टी पेटव. आणि गॅस कसा काढतोस? टिकल्या टाकत असशील तर शेडमध्ये टाकू नकोस, त्याच्या धुराने छाती धरते.

किकमारू

टिकल्या नाहीत. वेल्डिंगवाल्याचा आर्गॉनचा सिलिंडर भाड्याने आणतो. ग्रॅफाइटची नळी तापवून मुशीच्या तळापर्यंत सोडायची आणि दहा मिनिटं बारीक बुडबुडे. मोठे बुडबुडे काढले तर साय फुटून उलट नवीन गॅस आत जातो. आमटीला मंद उकळी असते तेवढंच.

आणि एक जुगाड सांगतो, इथल्याच एका जुन्या धाग्यात वाचला होता. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर उलटा जोडला की हवा ओढतो. पळीभर रस छोट्या लोखंडी वाटीत घ्यायचा, वरून जाड भांडं रबराच्या रिंगवर उपडं घालायचं, कॉम्प्रेसर चालू. हवा कमी झाली की आतला गॅस फुगतो. थिजल्यावर रसाची ती टिकली पुरीसारखी टम्म झाली तर ओतायचं नाही, आणखी आर्गॉन द्यायचा. वरून खोलगट राहिली तर ओता. तिसऱ्या खेपेला पहिली टिकली पुरी, दुसरी अर्धी, तिसरी खोलगट. हॅक्सॉने मधोमध कापून तिन्ही शेजारी ठेवल्यात, फोटो क्र. ७.

बुलेटबुवा

मस्तच! आता एक मोठी उडी मारूया का? माझी जुनी बिडाच्या इंजिनाची ३५०, बोअर ७०, स्ट्रोक ९०. तिला चार व्हॉल्वचं हेड ओतायचं डोक्यात आहे. मापं मी काढतो, ओतकाम तुम्ही.

लेथवरचा

बुवा, दमानं. दोन पोर्टांचे कोअर (आतली पोकळी राखणारे वाळूचे गाभे) लागतील, ते साच्यात हलले की पोर्टची भिंत एकीकडे जाड, एकीकडे कागद. व्हॉल्वची सीट भोकापेक्षा दहा शतांश मिलिमीटर मोठी ठेवून हेड तापवून बसवायची. कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर सीट सुटून सिलिंडरमध्ये. गाइड, रॉकरचे खांब, ऑइलची वाट. आणि खालून पुशरॉड दोन, वर व्हॉल्व चार, म्हणजे एका रॉकरने दोन व्हॉल्व दाबायचे. आधी जुन्या हेडचे पोर्ट मातीत ओतून बघा, मग बोला.

टेकडीपलीकडचा

उत्साह वाढवायला एक आठवण : न्यूझीलंडचा बर्ट मन्रो. १९२० ची इंडियन स्काउट घेतली आणि आयुष्यभर तिचंच इंजिन घरच्या शेडमध्ये बदलत बसला. पिस्टनसुद्धा जुन्या डब्यांच्या साच्यात स्वतः ओतायचा. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर हजार सीसीखालच्या वर्गात वेगाचा विक्रम केला तेव्हा वय ६८. फुटलेले भाग तो फळीवर मांडून ठेवायचा.

किकमारू

माझी फळी सुरू झाली आहे, तीन नग.

साचा कसा केला हे दोघांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलंय, इथंच लिहितो. फेस खाली, फिन वर. मळी वर तरंगते, त्यामुळे चेंबरची बाजू स्वच्छ येते. फेसच्या खाली वाळूत बिडाची एक जाड चकती बसवली, तिने तिथला माल आधी थिजतो आणि दाणा बारीक राहतो. चकती कोमट करूनच बसवायची, थंड असली तर तिच्यावर दव धरतं आणि पुन्हा अनारसे. प्लगच्या बॉसवर (प्लगभोवतीच्या उंचवट्यावर) माल सगळ्यात जाड, तो शेवटी थिजणार, म्हणून रायझर (जादा रसाचा उभा खांब) बरोबर त्याच्यावर. खाली माल आकसला की रायझरमधून रस उतरतो.

साधी माती फिनच्या मधे टिकेना, पॅटर्न उचलला की भिंत त्याच्याबरोबर वर. म्हणून वरच्या पेटीत सोडियम सिलिकेटची वाळू आणि वरून कार्बन डायऑक्साइड. मिनिटभरात दगड होतो. फिन मुळाशी ४ मिमी, टोकाला अडीच.

रायझरचा एक फायदा तात्यांनी दाखवला. तो कापून टाकायची घाई करायची नाही. लेथच्या चकमध्ये हेड धरायला दुसरं काही गोल नसतंच, फिन तर धरता येत नाहीत. रायझर धरायचा, फेस मारायचा, वाटी आणि पट्टी एकाच पकडीत कापायची, आणि मग तो उडवायचा. मी कॅडमध्ये यासाठी वेगळं फिक्श्चर काढून बसलो होतो.

लेथवरचा

तिसरं कसं घालवलंत ते राहिलं.

किकमारू

सांगतो, शरम वाटते. नुसतं ओतलेलं एलएम-२५ मऊ असतं, प्लगचे आटे महिन्यात ओरबाडतात. म्हणून एका कुंभारकाम शिकवणाऱ्या ताईंच्या इलेक्ट्रिक भट्टीत ५४० ला आठ तास ठेवलं, गरम पाण्यात बुडवलं, मग घरच्या ओव्हनमध्ये १६० ला पाच तास. पण हे सगळं मी वाटी कापून, फेस मारून, आटे पाडून झाल्यावर केलं. पाण्यात बुडवताना हेड वाकलं. सरफेस प्लेटवर ठेवून फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर मधे ०.१५ सरळ आत. पुन्हा फेस मारावा तर पट्टीची फट जाते. फळीवर गेलं.

चौथ्याला आधी उष्णता, मग लेथ. क्रम एवढाच.

उद्यमनगरकर

शाबास. कबूल करतोस म्हणून शिकतोस. गळती कशी बघितलीस?

किकमारू

तुमच्या पिढीचीच पद्धत. बाहेरून सगळीकडे पांढरा खडू घासला, वाटीत रॉकेल भरून रात्रभर ठेवलं. रेशनचं रॉकेल काही मिळालं नाही, शेजारच्या आजींच्या बाटलीतलं अर्धा कप मागून आणलं. सकाळी खडूवर एकही डाग नव्हता. पहिल्या हेडवर हाच प्रयोग नंतर करून बघितला तर वीस मिनिटांत प्लगच्या बॉसखाली पिवळट नकाशा उमटला.

बसवल्यावर फट मोजली ती सोल्डरच्या तारेने. तार पिस्टनपिनच्या रेषेत दोन्ही टोकांना ठेवायची, आडवी ठेवली तर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. किक हाताने फिरवायची, चेपलेली तार मायक्रोमीटरखाली. ०.९२ आणि ०.९४. एकूण जागा प्लगच्या भोकातून सिरिंजने पातळ ऑइल सोडून मोजली, ८.४ सीसी. कागदावरच्या ८.५ ला इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

नुसता_वाचक

हे सगळं ठीक. गाडी पळते का ते सांगा की राव!

किकमारू

एका ओळखीच्यांच्या गोडाऊनमागे सरळ खासगी रस्ता आहे. तिसऱ्या गिअरला ३० वरून ८०, फोनच्या जीपीएसवर, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा. जुनं हेड सरासरी ९.४ सेकंद, नवं ८.७. खालचा आरपीएम जास्त सुधारलाय, रविवारच्या गर्दीत दुसऱ्या गिअरला लगेच कळतं. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) दोन नंबर मोठा केला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, त्याला तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. जुन्या कार्ब्युरेटरला ते आपोआप कळत नाही. कॉम्प्रेशन वाढवून जेट तेच ठेवलं तर पिस्टनला भोक पडायला एक चढ पुरे.

लेथवरचा

अभिनंदन. आता कडू प्रश्न. हा ०.७ सेकंदाचा फरक ओतकामाचा की चेंबरचा? कुठलंही जुनं सरळ हेड घेऊन त्याचा फेस मारून हीच वाटी आणि हीच पट्टी कापली असती तर? माझ्याकडे दोन तासांचं काम. किंवा ६०८२ ॲल्युमिनियमचा गोल बार घेऊन सगळंच लेथवर काढता आलं असतं, गॅस नाही, भोक नाही.

बुलेटबुवा

अरे काय लेथवाले, माणूस आनंदात आहे, दोन दिवस राहू द्या की.

किकमारू

प्रश्न रास्त आहे. आणि खरं सांगायचं तर मी तो सहा आठवडे टाळतोय. भंगारवाल्याकडे एक सरळ हेड बघून ठेवलंय. घेतो. कापाल का तुम्हीच?

लेथवरचा

पाठवा. पैसे नको, पहिल्या हेडचा कापलेला तुकडा द्या, इथल्या पोरांना दाखवायला.

किकमारू

(अडीच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, मंडळी. लेथवरचा यांनी कापलेलं कंपनीचं हेड बसवलं. फट ०.९३, जागा ८.५. तोच रस्ता, तीच गाडी, तोच प्लग. सरासरी ८.८ सेकंद.

म्हणजे पळण्यातला जवळजवळ सगळा फरक पट्टी आणि वाटीचा. ओतकामाचा ०.१, आणि तो मोजण्याच्या चुकीत सहज जातो.

पण मी हार मानणारा नाही, म्हणून तापमान मोजलं. प्लगच्या वॉशरखाली थर्मोकपल (तापमान मोजायची तार), वायर मल्टिमीटरला. वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ, दुसरा-तिसरा गिअर, मागे भाऊ बसलेला. वर पोचल्यावर कंपनीचं हेड १७१, माझं १५२. एकोणीस डिग्री! माझ्या फिन मोठ्या आहेत, त्यांचा उपयोग झाला म्हणायचं.

लेथवरचा

वजनात किती फरक?

किकमारू

माझं ३१० ग्रॅम जड.

लेथवरचा

मग घाई करू नका. जड हेड उशिरा तापतं. उशिरा तापणं आणि कमी तापणं या वेगळ्या गोष्टी. चढ दहा-बारा मिनिटांचा असेल, तेवढ्यात ते तापून स्थिर झालंय कशावरून? वर पोचलात की न थांबता उतरा आणि लगेच पुन्हा चढा. तिसऱ्या फेरीचा आकडा सांगा.

उद्यमनगरकर

बरोबर बोलतोय. जाड तवा आणि पातळ तवा.

सावकाश_हाकणारा

तीन वेळा पन्हाळा, तेही मागे भाऊ बसवून. भावाला विचारलंय का? झुणका-भाकरीचे पैसे कोण देणार?

किकमारू

(पुढच्या सोमवारी)

भावाने दोन फेऱ्यांनंतर राजीनामा दिला, तिसऱ्या फेरीला मागे वाळूचं पोतं बांधलं. वजन सारखं राहावं म्हणून दोन्ही हेडना तिसरी फेरी पोत्याचीच.

कंपनीचं हेड : १७१, १७६, १७७.
माझं : १५३, १६७, १७१.

म्हणजे एकोणीसचे सहा उरले. ते सहा फिनचे, असं मी धरतोय. लेथवरचा आता म्हणतील वारा मोजला का. नाही मोजला.

लेथवरचा

वारा सोडला. सहा डिग्री मान्य.

बुलेटबुवा

मग आता कुठलं हेड ठेवणार गाडीवर?

किकमारू

माझंच. कंपनीचं तेलाच्या फडक्यात गुंडाळून डिकीत.

पुढचं ओतकाम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. तात्यांनी पॅटर्नच्या फिन मुळाशी तीनवर आणायला घेतल्यात, म्हणजे वजनही उतरेल आणि ते सहा खरे की खोटे तेही कळेल. बुवा, तुम्ही या बघायला. कोअरची वाळू उरतेच, तुमच्या एका पोर्टचा कोअर करून बघू. फक्त येताना चामड्याचे बूट घालून या, मागच्या वेळसारखी चप्पल नको.